पाण्याची वागणूक

सकाळी सव्वासहा, मंडई

श्रावणातला शुक्रवार. जिवतीच्या पूजेसाठी आघाडा, दुर्वा आणि झेंडूच्या माळा घेऊन बायका महात्मा फुले मंडईबाहेर पहाटेच येऊन बसल्या आहेत. मी त्यांच्या समोर, एका बंद दुकानाच्या पायरीवर. मांडीवर वही, शेजारी पाण्याचा डबा, कॅमलच्या ट्यूबा पिळून भरलेली पॅलेट आणि दोन ब्रश. या मंडईचं जोडपानी चित्र आज रात्रीपर्यंत पूर्ण करून द्यायचं आहे. मुलांचं पुस्तक आहे, आजीबरोबर श्रावणात बाजाराला गेलेल्या नातवाचं. चित्र जलरंगातलं वाटायला हवं, आणि ते होणार आहे संगणकाच्या पडद्यावर, डिजिटल पेननं.

पडद्यावरच करायचं तर इथं भिजत कशाला बसायचं, असं मला पुष्कळ जण विचारतात. जलरंगाच्या चित्रात निम्मं काम पाणी करतं, आणि पाणी कसं वागतं ते हात फार लवकर विसरतो. म्हणून मोठं काम हातात असलं की दिवसाची सुरुवात खऱ्या पाण्यानंच करायची, असा माझा नेम आहे.

ही इमारत १८८६ साली उभी राहिली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. मधला अष्टकोनी मनोरा पावसाळी आभाळात अर्धा विरघळलेला दिसतो. ओला दगड नुसता काळा दिसत नाही. वर निळसर, वळचणीखाली तपकिरी आणि खाली जमिनीजवळ शेवाळाचा हिरवा. मी आभाळाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, देते आणि थांबते. एप्रिलमध्ये पुण्यात ब्रश कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं. श्रावणात तोच वॉश किती तरी वेळ ओला राहतो. भुरभुर सुरू आहे. एक थेंब ओल्या आभाळावर पडतो आणि रंगाला बाजूला ढकलत पसरतो. त्याच्या कडेला कोबीच्या फुलासारखी दातेरी गडद रेघ उमटते. चित्रकार याला बॅकरन म्हणतात. कागद पुरता ओला असता तर थेंब नुसता मिसळून गेला असता. पुरता वाळलेला असता तर नुसता डाग राहिला असता. कागदावरची चमक जात असते त्या थोड्या वेळातच हे फूल उमलतं. ती वेळ ओळखणं हीच जलरंगाची खरी विद्या आहे, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरच्या मेनूत सापडत नाही.

समोरच्या मावशी मघापासून बघताहेत. ‘एवढी भिजतीस कशाला गं? मोबाइलमधी काढ की.’

‘मोबाइलमध्येपण काढलाय, मावशी. पण रंग कसा पसरतो ते त्यात कळत नाही.’

‘मग आघाड्याचा हिरवा नीट घे. कालचा माल काळपट पडतो, आमचा आज पहाटेचा आहे.’

मी वहीच्या कडेला दोन हिरवे लावून घेते: कालचा आणि आजचा.

पुण्यात जलरंग हे उघड्यावर बसून शिकायचं माध्यम आहे. नदीकाठ, पेठांतले वाडे, शनिवारवाड्याची भिंत, असं कुठंही कुणी ना कुणी वही उघडून बसलेलं दिसतं. मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांवर आणि प्रात्यक्षिकांवर माझी अख्खी पिढी वाढली. त्यांचे वडील प्रताप मुळीक यांची अमर चित्र कथेतली चित्रं तर आम्ही अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाहत होतो. पडद्यावर काम करणाऱ्या इथल्या चित्रकाराच्या मागं ही एवढी ओली परंपरा उभी आहे. तिला ओळख न देता नुसता तिचा चेहरा उसना घेणं मला जमत नाही.

साडेआठ, घर

पोहे खाता खाता वही पंख्याखाली वाळते. मी कागद तयार करायला घेते. पडद्यालाही कागद लागतो, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. जलरंगाची नक्कल करणाऱ्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कागद म्हणजे मागं लावलेलं चित्र नसतं, तो उंचसखलपणाचा नकाशा असतो. सॉफ्टवेअर त्यातून खड्डा कुठं आणि उंचवटा कुठं ते वाचतं. पाणी खड्ड्यात साचतं, रंगाचे कण तिथं बसतात, आणि कोरडा ब्रश नुसत्या उंचवट्यांवरून घासत जातो.

सॉफ्टवेअरबरोबर येणारे तयार कागद बहुतेक युरोपी बनावटीचे असतात. उत्तमच असतात. पण मंडईच्या चित्राला मला पुण्याचा कागद हवा होता. शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हातकागद संस्था आहे, १९४० साली सुरू झालेली. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून तिथं हातानं कागद बनतो. त्या कागदाचा पोत एकसारखा नसतो. कुठं तंतू वर आलेला, कुठं जाळीची खूण. स्कॅनरवर ठेवला तर सपाट प्रकाशात हे सगळं पुसलं जातं. म्हणून मी खोलीत अंधार करते, कागद टेबलावर पसरते आणि एकाच बाजूनं, अगदी खालून, दिव्याचा उजेड सोडते. आता प्रत्येक उंचवट्याला सावली येते. कॅमेरा वरून सरळ. मग त्या फोटोतला रंग काढून टाकायचा, चारी कडा एकमेकींना अशा जुळवायच्या की तुकडा शेजारी शेजारी ठेवला तरी सांधा दिसणार नाही. हे शेवटचं काम किचकट आहे. एखादा ठळक तंतू राहून गेला तर तो दर वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा उगवतो, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते न कळताही चित्र खोटं वाटू लागतं.

दहा, टेबलापाशी

पेन हातात. त्याला दाबाच्या ८१९२ पायऱ्या कळतात, कलही कळतो. एवढ्या पायऱ्या माझ्या हातात नाहीत, कुणाच्याच नसतील. मात्र हलका हात आणि भारी हात यांत मधे कुठं पायरी जाणवत नाही, हा त्याचा खरा फायदा.

माध्यमांची नक्कल करायचा उद्योग संगणकाच्या जगात जुना आहे. १९८४च्या मॅकपेंटमध्ये रंगाचा स्प्रे होता. १९९१ साली मार्क झिमर आणि टॉम हेजेस यांनी ‘पेंटर’ आणलं, ते चक्क रंगाच्या डब्यात घालून विकलं जाई. खडू, कोळसा, तैलरंग त्यांनी हुबेहूब उतरवले. जलरंग मात्र अवघड, कारण तिथं ब्रश उचलल्यावरही चित्र घडतच राहतं. १९९७ साली कॅसिडी कर्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला, त्यात जलरंगाचे तीन थर मांडले: कागदावर वाहणारं पाण्याचं पातळ आवरण, त्यातून खाली बसणारे रंगाचे कण, आणि कागदाच्या तंतूंमधून झिरपणारी ओल. तिन्ही थरांचं गणित वेगवेगळं करायचं आणि एकमेकांत मिसळायचं. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठात रॉबर्ट डीगन आणि सहकारी सांडलेल्या कॉफीचा डाग कडेलाच गडद का होतो याचा शोध घेत होते. थेंबाची कड कागदाला चिकटून राहते, तिथलं पाणी आधी उडून जातं, ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना कण ओढून नेतं. कोरड्या कागदावर दिलेल्या जलरंगाच्या वॉशला जी गडद किनार येते ती याच कारणानं.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. माध्यमाची नक्कल दोन प्रकारे करता येते. एक म्हणजे चित्र हवं तसं रंगवून घ्यायचं आणि शेवटी वरून कागदाचा पोत, डाग, किनार चढवायची. ही कातडीची नक्कल. दुसरी म्हणजे पाण्याला त्याच्या नियमानं वाहू द्यायचं आणि जे होईल त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ही वागणुकीची नक्कल. पहिलीत चित्रकाराला काहीच सोडावं लागत नाही, आणि नेमकं तेच चित्रात दिसतं. दुसरीत थांबावं लागतं.

मी रिबेल हे सॉफ्टवेअर वापरते. स्लोव्हाकियातल्या एस्केप मोशन्स या कंपनीचं, २०१५ साली पहिल्यांदा आलेलं. यात पाण्याचं प्रमाण, कागदाचा शोषकपणा, वाळण्याचा वेग, अगदी कागद किती तिरपा धरला आहे तेही ठरवता येतं. आज मी वाळण्याचा वेग मुद्दाम मंद ठेवला आहे, कारण चित्रात श्रावण आहे. आभाळ एका दमात, वरून खाली. रंग ओघळत मनोऱ्यावर येतो. मग मी हात मागं घेते. सकाळी पाहिलेली ती चमक जायची वेळ पडद्यावर अंदाजानं ओळखायची आणि स्वच्छ पाण्याचा एक थेंब सोडायचा. फूल उमलतं. मला हवं होतं त्याहून जरा डावीकडं.

ते तसंच राहू देते. ‘अनडू’ची सोय बोटाखाली आहे, पण वॉशच्या बाबतीत मी ती वापरत नाही. चुकलेली रेघ, वाकडा झालेला चेहरा, हातगाडीचं बिघडलेलं चाक, यांना अनडू हक्कानं वापरावं. पाण्यानं केलेलं मात्र परत घेतलं की पुढचा वॉश तुम्ही निर्धास्तपणे देता, आणि निर्धास्त हाताचा वॉश मेलेला असतो. माझे दोन नियम आणखी आहेत. पांढरा रंग वापरायचा नाही; जलरंगात पांढरा म्हणजे कोरा राखलेला कागद, तो आधीच ठरवावा लागतो. आणि लेयर कमीत कमी. कागदावर दुसरा वॉश दिला की खालचा थोडासा जागा होतो, दोन रंग एकमेकांना स्पर्श करतात. वेगवेगळ्या लेयरवर ते काचेच्या दोन तावांसारखे अलिप्त राहतात. डिजिटल जलरंगात सगळं बरोबर असूनही जो कोरडेपणा जाणवतो, त्याचं मूळ माझ्या मते बहुतेक वेळा या लेयरांत असतं.

साडेअकरा, हिरवा

आता आघाडा. पडद्यावर रंग उजेडाचे असतात. पिवळा उजेड आणि निळा उजेड यांची सरासरी काढली की संगणक करडा देतो. पिवळ्याचे लाल आणि हिरवा, निळ्याचा निळा, तिन्ही समान होऊन बसतात. पॅलेटवर मात्र पिवळ्यात निळा घातला की हिरवा मिळतो, हे बालवाडीतलं मूलही जाणतं. कितीतरी वर्षं डिजिटल चित्रकार हिरवा मिसळून काढतच नव्हते. तक्त्यातून तयार हिरवा उचलायचे. म्हणून त्या काळातल्या चित्रांत झाडं आणि माती एकमेकांची नातलग वाटत नाहीत.

पॉल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी १९३१ साली रंगद्रव्याच्या थरात उजेड किती शोषला जातो आणि किती विखुरतो याचं सूत्र मांडलं होतं. ते रंगाच्या कारखान्यांत कधीपासून वापरात आहे. पण साध्या संगणकावर, ब्रश फिरत असताना, ते झरझर सोडवणं जड जाई. २०२१मध्ये प्रागच्या शार्का सोखोरोव्हा आणि ओन्द्रेय यामरिश्का यांनी त्याची चपळ पद्धत शोधली आणि ती रिबेलमध्येही आली. आता मी पडद्यावर पिवळ्यात निळा ओढते आणि हिरवा उगवतो. त्यात कणभर बर्न्ट सिएना टाकते, मावशींचा कालचा आघाडा तयार. न टाकता ठेवते, आजचा. माझ्या कामाच्या वर्षांत तंत्रात झालेला हा सगळ्यात मोठा बदल. पेनचा दाब वाढला, पडदे मोठे झाले, त्यानं इतकं काही झालं नाही. हिरवा पुन्हा हातानं मिसळता येऊ लागला, त्यानं झालं.

एकच्या सुमारास संपादकांचा फोन.

‘अगं, झालं का आभाळ? मला पाठव बघू. आणि आजीचं लुगडं तू निळं केलंयस ना?’

‘हो ताई. मागं दगड तपकिरी आहे, म्हणून निळं.’

‘पुढच्या पानावर ती ज्या मुलीला भेटते तिचा फ्रॉक निळा आहे. मुलं गोंधळतील. आजीला हिरवं नेसव.’

‘हिरव्या भाजीसमोर हिरवं लुगडं हरवेल, ताई. डाळिंबी चालेल?’

‘चालेल. छान दिसेल.’

खऱ्या कागदावर हे चित्र असतं तर पुन्हा पहिल्यापासून काढावं लागलं असतं. मुलांच्या पुस्तकात असे बदल होतात आणि ते व्हायलाच हवेत. संपादक वाचणाऱ्या मुलाच्या बाजूनं बोलत असते. मी पडद्यावर काम करते त्यामागं हे एक सरळ कारण आहे. दुसरं असं की हेच चित्र उद्या भित्तिपत्रकावर जाईल, परवा दुसऱ्या आकाराच्या आवृत्तीत, आणि मजकुराची जागा दर वेळी बदलेल.

जेवण. भाकरी, दोडक्याची भाजी, ताक.

अडीच, छापखाना

नारायण पेठेतल्या छापखान्यात आज एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं प्रूफ बघायचं आहे. हे काम पोस्टर कलरच्या वळणाचं: सपाट, अपारदर्शक, झेंडूच्या ढिगाऱ्यावर उभी असलेली बाई. १९०९ साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मुखपृष्ठ ही मराठी घरात येणारी वर्षातली एक मोठी चित्रघटना असते. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ काढला आणि त्यांच्या रेषेनं मराठी माणसाला नजर दिली. रघुवीर मुळगावकर एअरब्रशनं त्वचेवरची चमक अशी काढत की तिला हात लावून बघावंसं वाटे. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत मिळालेले त्यांचे काही अंक माझ्याकडं आहेत. ते मी शिकण्यासाठी बघते, विशेषतः छपाई कुठं हरली आणि चित्रकारानं तिची आधीच काळजी कशी घेतली होती, ते.

मशीनवरचे काका प्रूफ उजेडात धरतात. ‘झेंडू बसलाय बघा मॅडम. पडद्यावर होता तसा नाही यायचा.’

पडद्यावरचा केशरी जळजळीत असतो. कागदावर तो पिवळ्या आणि मॅजेंटा शाईतूनच निघणार, आणि त्या दोघींची मजल तिथवर जात नाही. हे मला माहीत होतं, म्हणून मी आधीच केशरी खाली आणला होता. तरी बसलाय.

‘काका, निळा थोडा कमी केला तर?’

‘निळा सावलीत आहे, तो कमी केला तर बाईचा पदर उडेल. तुम्ही झेंडूच्या शेजारी काय आहे ते गडद करा. मी पिवळा जरासा चढवतो.’

बरोबर बोलतात. रंग शेजाऱ्यामुळं उजळतो, हे चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच वर्षी शिकवतात, आणि मला ते आज मशीनवर उभ्या माणसानं पुन्हा सांगितलं. दुसरी अडचण दाण्यांची. पोस्टर कलरचा खरखरीत पोत मी बारीक ठेवला होता; छपाईची जाळी इंचाला १७५ ओळींची. दाणा जाळीच्या ठिपक्याएवढाच झाला की तो पोत वाटत नाही, मळ वाटतो. तो जरा मोठा आणि फिका करायला हवा. फाइल बदलून संध्याकाळपर्यंत पाठवते म्हटलं.

सदाशिव पेठेतल्या चित्रशाळेची इथं आठवण होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली चित्रशाळा काढली आणि दगडावर काढलेलं रामपंचायतन घरोघरी गेलं. पुढं रवि वर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला आला. लोणावळ्याच्या लोकलनं जाताना आजही ते स्टेशन लागतं. तिथं होत होती ती ओलिओग्राफची छपाई. एका चित्रासाठी अनेक दगड, प्रत्येक दगड एका रंगाचा, एकावर एक. ओलिओग्राफ या प्रकारात तैलचित्राचा भास व्हावा म्हणून छापलेल्या कागदावर व्हार्निश चढवत, कधी कॅनव्हासच्या विणीचा ठसाही उठवत. एका माध्यमानं दुसऱ्याचं रूप घेणं हे आमच्या पुणे जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीपासून चालत आलेलं काम आहे, आणि त्यानं राजवाड्यातलं चित्र गरिबाच्या देवघरात नेलं. त्याचं मोल मी जाणते. पण त्या चित्रांत जे टिकलं ते बघा: दगडावर रंग फोडणाऱ्या कारागिराच्या नजरेमुळं चेहऱ्यावरच्या छटा टिकल्या. विणीचा ठसा कुणाच्या लक्षातही नाही. सॉफ्टवेअरमधलं ‘कॅनव्हास इफेक्ट’चं बटण म्हणजे तोच ठसा.

पाच, विद्यार्थी

शुक्रवारी संध्याकाळी कला महाविद्यालयातली काही मुलं घरी येतात. बहुतेकांकडं साधे लॅपटॉप आणि लहान पेन टॅबलेट आहेत, म्हणून आम्ही क्रिटा वापरतो. ते मोफत आहे, जगभरचे लोक मिळून ते बनवतात, आणि शिकायला कुठंही कमी पडत नाही.

‘ताई, तुम्ही कुठला ब्रश पॅक वापरता?’ नव्यानं आलेला मुलगा विचारतो.

‘पॅक नंतर. आधी वाटीत पाणी घे.’

पहिला तास लॅपटॉप बंद. प्रत्येकाला एक गोल ब्रश, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि चतकोर कागद. अल्ट्रामरीनचे कण खड्ड्यांत जाऊन बसतात आणि वॉश दाणेदार होतो. त्यात सिएना मिसळला की पावसाळी आभाळाचा करडा मिळतो, आणि वाळताना दोन्ही रंग थोडे वेगळे होऊन दिसतात. पडद्यावरचा करडा असा कधी फुटत नाही, तो फोडावा लागतो. कसा फोडायचा हे ज्यानं एकदा ओलं असताना पाहिलं आहे त्यालाच जमतं. मुलं अस्वस्थ होतात, वाळायची वाट बघणं त्यांच्या सवयीचं नाही. एक मुलगी हेअर ड्रायर मागते. मी देत नाही. पाणी उडून जाताना कडा कशी ओढली जाते ते ड्रायरखाली दिसत नाही.

मग लॅपटॉप उघडायचे आणि आत्ता केलेला वॉश, तसाच, क्रिटामध्ये करायचा. इथं खरा अभ्यास सुरू होतो. तयार ब्रश घेतलेल्यांचं आभाळ पहिल्या फटक्यात जलरंग वाटतं आणि दुसऱ्या फटक्यात तेच डाग तसेच पुन्हा येतात. ज्या मुलीनं ड्रायर मागितला होता ती ब्रशच्या सेटिंगमध्ये शिरते. कड किती गडद व्हावी, पेन हलकं पडल्यावर पोत किती दिसावा, एकेक आकडा बदलत जाते. तिचं आभाळ सगळ्यांत ओबडधोबड आहे आणि सगळ्यांत ओलं.

एक प्रश्न हल्ली दर आठवड्याला येतो. ‘ताई, एआयला जलरंगातली मंडई काढ म्हटलं तर ते क्षणात काढतं. मग हे कशाला?’ मी त्यांना उडवून लावत नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. ते यंत्र वाळलेली चित्रं बघून शिकलं आहे. त्याला किनार दिसते, किनार होताना दिसत नाही. आघाडा कालचा की आजचा, हे त्याला कुणी मंडईत सांगितलेलं नाही. पुस्तक वाचणाऱ्या मुलाला हा फरक कळेल का? माझा अनुभव आहे की कळतो. मुलं चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारतात, आणि चित्रात प्रत्येक गोष्टीला उत्तर असावं लागतं.

साडेआठ, पुन्हा टेबल

आधी झेंडू. शेजारची सावली गडद, दाणा मोठा, फाइल काकांना रवाना. मग आजी. डाळिंबी लुगडं ओल्यात ओलं, पदराची खालची कड चिखलाच्या पाण्यात मिसळू दिली. चेहरा कोरड्यावर, मोजक्या फटकाऱ्यांत. नातवाच्या हातातली पिशवी मी कोरा कागद म्हणून सकाळीच राखली होती. आता त्या पांढऱ्यामुळं नजर अख्ख्या गर्दीतून बरोबर तिथं जाते. आघाड्याच्या जुड्या दोन हिरव्यांच्या. मावशींच्या समोर ताज्या.

शेवटी फाइल छपाईच्या रंगांत बदलून पाहते. अल्ट्रामरीन थोडा जांभळा होतो, तो हातानं निळ्याकडं ओढते. चित्राच्या चारी बाजूंना कापणीसाठी जादा जागा. थर असलेली मूळ फाइल वेगळी, छपाईची वेगळी. कामाचं रेकॉर्डिंगही सोबत ठेवते. हल्ली प्रकाशक मागतात आणि त्यांनी मागावंच.

साडेदहाला ताईंचा फोन. चित्र आवडलं. पण श्रेयपानावर काय छापायचं ते ठरायचं आहे. आमच्यात यावर दोन मतं होती. त्यांना ‘जलरंगचित्रे’ हवं होतं, ग्राहक कव्हर बघून आत डोकावतो म्हणून.

‘ताई, जलरंग म्हटलं तर उद्या एखादं मूल मूळ चित्र बघायला मागेल. मूळ चित्र असं काही नाहीये.’

‘मग नुसतं डिजिटल म्हणू? लोकांना ते कोरडं वाटतं गं. ते यंत्रानं केलेलंही समजतील.’

‘दोन्ही लिहूया. चित्रे: डिजिटल, जलरंग पद्धतीने. आणि खाली एक ओळ, कागदाचा पोत: हातकागद, पुणे.’

‘कागदाचंही नाव छापायचं?’

‘हो. आभाळ त्यावरच वाळलंय.’

‘बरं, घालते,’ त्या म्हणाल्या. ‘आता पुढचं पान. त्यात पत्र्यावर पाऊस वाजतोय असा मजकूर आहे. सोमवारी कच्चं रेखाटन दे.’

पत्र्याला हा कागद चालणार नाही. पत्र्यावर पाणी मुरत नाही, नुसतं घरंगळतं. त्याला गुळगुळीत, हॉटप्रेस कागद हवा, वाळण्याचा वेग जास्त आणि तिरपेपणा पुष्कळ. उद्या आधी तो तुकडा करून बघते.